सहाशे किलोतून अर्धा तांदूळ!

मुलांनो, स्पंज म्हटलं की तुम्हाला पाटी पुसायचा नाहीतर भांडी घासायचा स्पंज आठवेल. तो बहुधा कारखान्यातला. खरा स्पंज राहतो समुद्रात, आणि तो चक्क प्राणी आहे! त्याला डोकं नाही, हृदय नाही, पाय नाहीत. एकदा खडकाला चिकटला की जन्मभर तिथंच. अंगावरच्या बारीक भोकांतून पाणी आत घ्यायचं, त्यातले जिवाणू गाळून खायचे आणि पाणी बाहेर सोडायचं, एवढाच त्याचा उद्योग.

आता सांगा बरं, ज्याला पळता येत नाही, चावता येत नाही, त्याला मासे खाऊन का टाकत नाहीत? काही स्पंजांच्या अंगात काचेसारख्या सुया असतात. पण खरं शस्त्र म्हणजे त्यांच्या अंगातली विषारी रसायनं. गंमत म्हणजे यातली कितीतरी स्पंज स्वतः करतच नाही. त्याच्या अंगात बिऱ्हाड केलेले जिवाणू ती बनवतात!

हे विष कॅन्सरच्या पेशींवर चालेल का, हे शास्त्रज्ञ शोधू लागले. जपानच्या किनाऱ्यावर हालिकाँड्रिया ओकाडाई नावाचा स्पंज सापडतो. हिराता आणि उएमुरा या जपानी शास्त्रज्ञांनी त्यातून वेगळं काढलेलं 'हालिकाँड्रिन बी' १९८६ साली जगापुढे मांडलं. उंदरांच्या कॅन्सरवर ते फार प्रभावी ठरलं. पण ते मिळालं किती? ६०० किलो स्पंजातून फक्त १२.५ मिलिग्रॅम! तांदळाचा एक दाणा भरतो साधारण २० ते २५ मिलिग्रॅम.

मग औषध करायचं कसं? न्यूझीलंडजवळच्या समुद्रात, खोल पाण्यातल्या दुसऱ्या एका स्पंजात हेच रसायन सापडलं. तिथल्या शास्त्रज्ञांनी एक टन स्पंज काढला, त्यातून सुमारे ३०० मिलिग्रॅम मिळालं. पण तिथे हा स्पंज होता सगळा मिळून तीनशे टनांच्या आसपास. करा बरं गणित. शेवटचा तुकडासुद्धा खरवडून काढला असता, तरी हाती आलं असतं ९० ग्रॅम. औषध संपलं असतं आणि स्पंजही!

वाट निघाली प्रयोगशाळेतून. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात योशितो किशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हा प्रचंड गुंतागुंतीचा रेणू स्पंजाशिवाय, पायरी पायरीनं जोडून बनवला. पुढे कळलं, की कॅन्सरशी लढायला अख्खा रेणू लागतच नाही, त्याचा एक भाग पुरतो. त्या भागावरून औषध तयार झालं, एरिब्युलिन. २०१० साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पेशीचे दोन भाग होताना आत बारीक नळ्यांचे धागे वाढावे लागतात. हे औषध ती वाढच थांबवतं.

हे जादूचं औषध नव्हे बरं का. शरीरात पसरलेला स्तनांचा कॅन्सर त्यानं बरा होत नाही. मोठ्या चाचणीत रुग्णांचं आयुष्य सरासरी अडीच महिन्यांनी वाढलं. पण ज्या घरात आई आजारी आहे, तिथे अडीच महिने म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. हे औषध शिरेतून देतात. एका वेळी लागतं दोन-अडीच मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाच्या दाण्याचा दहावा भाग. आणि त्यासाठी आता समुद्रातून एकही स्पंज काढावा लागत नाही.