अर्धी टाकी मॅट, अर्धी ग्लॉस

"मॅट म्हणजे क्लिअर न मारलेला रंग." दुचाकीच्या रंगकामात हा समज सगळीकडे पसरलेला आहे, आणि गिऱ्हाइकाला सगळ्यात महागात पडतो तोही हाच. त्याचं मूळ गॅरेजमध्येच सापडतं. टाकीवर प्रायमर होतो, मग रंगाचा बेस कोट बसतो, आणि हा बेस वाळला की मुळातच निस्तेज दिसतो. गिऱ्हाईक नेमकं त्याच वेळी डोकावतं आणि म्हणतं, "बस, असाच राहू द्या, मॅट झालं." पेंटरचेही वरच्या पारदर्शक थराचे, म्हणजे क्लिअरचे, पैसे वाचतात. दोघेही खूश. पण नुसत्या बेसला ना ऊन सोसतं ना पेट्रोल. काही महिन्यांत तो उडतो, आणि जिथे हात लागतो तिथे डाग धरतो.

खरा मॅट शेवटच्या थरात ठरतो. ग्लॉसवर जसा हार्डनर मिसळून टू-के क्लिअर मारतात तसाच मॅटवरही मारतात. फरक एवढाच की मॅट क्लिअरमध्ये सिलिकाची अतिबारीक पूड असते. थर वाळताना आकसतो, पुडीचे कण वर उचलले जातात आणि पृष्ठभाग डोळ्यांना न दिसेल इतका खडबडीत होतो. कंपनीतून मॅट रंगात बाहेर पडणाऱ्या गाड्या याच तत्त्वावर टिकतात. रॉयल एनफिल्डची वाळूच्या रंगाची डेझर्ट स्टॉर्म घ्या, किंवा आपल्याच मध्य प्रदेशात पिथमपूरला बनलेली जावा पेराक घ्या. त्यांचा मॅट हा पूर्ण झालेला रंग आहे, अर्धवट सोडलेला नव्हे.

यातूनच दुसरी तक्रार उभी राहते: "एकाच डब्यातला काळा दिला होता, मग मॅटचा भाग राखाडी का दिसतो? पेंटरने रंग बदलला." पेंटरने काहीही बदललेलं नसतं. क्लिअरच्या पृष्ठभागावर समोरून पडलेल्या प्रकाशापैकी साधारण चार टक्के प्रकाश रंगापर्यंत न पोचताच परत फिरतो. ग्लॉसवर तो एकाच दिशेला जातो. त्या दिशेला डोळा असला तर झगमगाट दिसतो, नसला तर खाली निव्वळ काळा. मॅटवर तेच चार टक्के चहूकडे विखुरतात, म्हणून कुठूनही पाहिलं तरी काळ्यात थोडा पांढरा उजेड मिसळलेला असतो. स्थिर तळ्यात समोरचं झाड दिसतं आणि पावसाच्या थेंबांनी हललेल्या पाण्यात दिसत नाही, पाणी मात्र तेच असतं. काळा, गडद निळा आणि मरून या रंगांत हा फरक ठळक दिसतो, पांढऱ्यात जेमतेम. एकाच रंगाचे दोन पोत शेजारी ठेवून नक्षी उठवायची असेल तर गडद रंग निवडतात तो म्हणूनच. हे विदेशी फॅड म्हणणाऱ्यांनी एकदा बिदरी काम पाहावं: मंद काळ्या धातूवर चमकती चांदी, आणि त्या भांड्याचं सगळं सौंदर्य या विरोधातच.

चमक मोजताही येते. ग्लॉसमीटर नावाचं छोटं यंत्र ठरावीक कोनातून प्रकाश टाकतं आणि परत आलेला मोजतं. घासूनपुसून तयार केलेल्या काळ्या काचेला १०० धरलं, तर ६० अंशांच्या कोनात चांगला ग्लॉस ८० ते ९० च्या आसपास येतो आणि मॅट १० च्या खाली. मधल्या पट्ट्याला आपल्याकडे सॅटिन म्हणतात. एकाच कंपनीचे मॅट आणि ग्लॉस क्लिअर तिने दिलेल्या प्रमाणात मिसळून हवा तो सॅटिन मिळवता येतो. दोन कंपन्यांचे डबे एकत्र ओतून मात्र मिळत नाही.

आता मुख्य मुद्दा. "मॅट सोपा, ग्लॉस अवघड" हे ऐकलं की मला हटकून वाटतं, बोलणाऱ्याने हातात गन धरलेली नाही. ग्लॉसमध्ये चूक झाली तर ती नंतर काढता येते. धुळीचा कण बसला, संत्र्याच्या सालीसारखी दाणेदार लाट आली, थोडा ओघळ आला, तर क्लिअर पक्का झाल्यावर वॉटर पेपर मारा, कंपाउंड लावून बफ करा, आरसा तयार. मॅटवर यातलं काहीच चालत नाही. पेपर मारला तर ओरखडा राहतो, बफ केलं तर तेवढीच जागा चमकू लागते. एक कण बसला की तो भाग पुन्हा घासून अख्खा पॅनल नव्याने मारायचा. ठिगळ लावता येत नाही. शिवाय मॅटची चमक थर किती जाड बसला, किती वेगाने वाळला, कोणता थिनर घातला यावर बदलते. टाकी एका हाताने आणि मडगार्ड दुसऱ्या दिवशी वेगळ्या दाबाने मारलं, तर एकाच डब्यातून दोन वेगळे मॅट निघतात. सिलिका तळाशी बसते, म्हणून डबा नीट ढवळला नाही तर पहिला भाग चकचकीत आणि शेवटचा खडूसारखा.

ही अडचण बालाघाटात जास्त जाणवते, कारण इथल्या बहुतेक गॅरेजांत बंदिस्त स्प्रे बूथ नाही. ताडपत्री बांधून आणि जमिनीवर पाणी शिंपडून काम चालतं. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की हार्डनरमधलं आयसोसायनेट क्लिअरशी जुळण्याआधी हवेतल्या पाण्याशी जुळू लागतं. त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थरात बारीक फुगे येतात किंवा चमक मरते. ग्लॉसवर हा दोष डोळ्यांत भरतो. मॅटवर तो लपतो, म्हणून पेंटरला वाटतं सुटलो, पण थर आतून कच्चा राहतो. मे महिन्यात उलट होतं. थिनर गनमधून निघता निघताच उडतो आणि रंग टाकीवर कोरड्या भुकटीसारखा बसतो. मळणीच्या दिवसांत हवेत भाताचा कोंडा आणि धूळ. हा भाताचा जिल्हा आहे, त्यामुळे त्या दिवसांत उघड्यावर मॅट मारणं म्हणजे जुगार. मला विचाराल तर मॅटचं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी, वारा उठायच्या आत उरकावं, आणि गाडीचे सगळे मॅट भाग एकाच दिवशी, एकाच मिश्रणातून मारावेत. सामान गोंदिया किंवा नागपूरहून आणताना डब्याबरोबर कंपनीचा माहितीकागद मागून घ्यावा. दोन कोटांमध्ये किती थांबायचं ते त्यावर लिहिलेलं असतं. मॅटमध्ये पहिला कोट पूर्ण निस्तेज होईपर्यंत थांबायचं असतं, आणि घाईत नेमकी हीच गोष्ट चुकते.

दोन्ही पोत एकत्र आणायचे तर कोणता आधी? "काही फरक पडत नाही" असं सांगणारे पेंटर भेटतात. दोन्ही मार्गांनी काम होतं हे खरं, पण फरक पडतो. एक मार्ग असा: सगळीकडे मॅट क्लिअर मारायचा आणि पट्ट्यापुरता वर ग्लॉस चढवायचा. ग्लॉस क्लिअर मॅटच्या खाचा भरून काढतो, त्यामुळे खालचा भाग चकचकीत होतो. पण त्या पट्ट्यावर धूळ बसली तर बफ करताना शेजारच्या मॅटला यंत्र लागण्याचा धोका. दुसरा मार्ग: आधी सगळ्या टाकीवर ग्लॉस, तो पक्का झाला की घासून-बफ करून निर्दोष करायचा. मग जिथे मॅट हवा तिथे ८०० ते १००० नंबरचा पेपर मारून चमक मोडायची, म्हणजे वरचा थर धरेल, ग्लॉसचा भाग टेपने झाकायचा आणि शेवटी मॅट मारायचा. ज्याची दुरुस्ती होते ते आधी, ज्याची होत नाही ते शेवटी. मला दुसरा मार्गच पटतो. कडेला साधी खाकी मास्किंग टेप न वापरता बारीक प्लास्टिकची फाइनलाइन टेप वापरावी, आणि मॅट अजून नरम असतानाच ती स्वतःवर दुमडत ओढावी. पूर्ण कडक झाल्यावर ओढली तर कड दातेरी फाटते. दोन पोतांच्या सीमेवर नखाला जाणवणारी हलकी पायरी राहते. ती काढायला वर आणखी क्लिअर मारला तर सगळंच ग्लॉस किंवा सगळंच मॅट होईल, म्हणून ती पायरी पत्करावीच लागते.

"मॅटमध्ये पोचे दिसत नाहीत." हे अर्धं खरं. मॅटवर प्रतिबिंब उमटत नाही, त्यामुळे उथळ लाटा लपतात. पण पट्टा जिथे ग्लॉस आहे तिथे खालची लांबी (पुट्टी) किंचित जरी उंचसखल असली तरी ट्यूबलाइटची रेघ वाकडी दिसते. जुन्या, ठोकून काढलेल्या टाकीवर ग्लॉसची जागा कमी ठेवणं शहाणपणाचं.

नक्षी कुठे यावी हे फक्त दिसण्यावर सोडू नये. टाकीला गुडघे लागतात तिथे जीन्स रोज घासते आणि काही महिन्यांत मॅट चमकून पॅच पडतो. तिथे ग्लॉस ठेवा. पेट्रोलच्या झाकणाभोवतीही ग्लॉस बरा, कारण पंपावर सांडलेलं पेट्रोल मॅटच्या खाचांत बसतं. टाकीचा वरचा भाग मात्र मॅट असावा, कारण दुपारच्या उन्हाची तिरीप थेट डोळ्यांत येते ती तिथूनच. वैमानिकांना ही गोष्ट फार पूर्वी कळली होती. चकचकीत धातूच्या विमानांच्या नाकावर, काचेसमोर, मॅट काळा किंवा गडद हिरवा पट्टा रंगवत असत, तो चमक डोळ्यांत येऊ नये म्हणून. बाकी "मॅट जास्त तापतो" हे बिनबुडाचं. काळा तापतो, पांढरा कमी तापतो. पोताचा त्यात फारसा वाटा नाही.

सर्व्हिसिंगला गाडी दिली की पोरगं डिझेलचं फडकं मारतं किंवा सिलिकॉनचा फवारा देतं. ग्लॉस भाग झळकतो, मॅटवर तेलकट ढग उमटतात. मॅटसाठी पाणी, सौम्य शाम्पू आणि मऊ कापड एवढंच. भरवेलीच्या खाणीकडून आल्यावर गाडीवर बसलेली धूळ कोरड्या कपड्याने पुसणं म्हणजे मॅटला पॉलिश करणंच. आधी पाणी ओता.

आणि "तोंडाला रुमाल बांधला की झालं" हा गैरसमज थेट छातीवर येतो. टू-के क्लिअरच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट श्वासात गेलं तर कायमचा दमा जडू शकतो, आणि घातक प्रमाणातही त्याचा वास येईलच असं नाही. रुमाल किंवा धुळीचा मास्क या वाफा अडवत नाही. निदान सेंद्रिय वाफांसाठीची काडतुसं असलेला अर्धमुखी मास्क हवाच, त्याची काडतुसं वेळेवर बदलायला हवीत आणि जागा वाऱ्याची हवी. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क सर्वात उत्तम. मॅट असो की ग्लॉस, हार्डनर तोच आहे.

शेवटी कायद्याचं. "रंग तर माझ्या गाडीचा, कोणाला विचारायचं?" एमपी-५० ची पाटी असली काय आणि शेजारच्या गोंदियाची एमएच-३५ असली काय, आरसीमध्ये रंगाचा रकाना असतो. काळ्या गाडीवर काळाच मॅट-ग्लॉस केला तर रकाना तसाच राहतो. निळी गाडी काळी केली तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओकडे जाऊन नोंद करून घ्यावी, आणि विमा कंपनीलाही कळवावं. बुलेटवर हमखास मागितला जाणारा "मिलिटरी हिरवा मॅट" मात्र नोंद करूनही चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १२१ व्या नियमाप्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांव्यतिरिक्त कोणालाही वापरता येत नाही, मग तो मॅट असो की चकचकीत.