अठ्ठावीस बोअर बारापेक्षा लहान का?

ग्वाल्हेरमध्ये बँकेच्या दारात उभ्या असलेल्या रखवालदाराच्या खांद्यावरची दुनळी बहुधा बारा बोअरची असते. निवडणूक जाहीर झाली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायची धावपळ सुरू होते. दर्पण कॉलनीपासून मुरारपर्यंत ती सगळ्यांच्या ओळखीची आहे. अनेक घरांत ही बंदूक आजोबांकडून आलेली असते. मात्र तिच्या नळीवरचा आकडा नेमकं काय सांगतो, हे क्वचितच कुणी समजावून दिलेलं असतं.

एक पौंड, म्हणजे ४५४ ग्रॅम शिसं घेऊन त्याचे सारखे बारा गोळे केले, तर प्रत्येक गोळ्याचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर येतो. हीच बारा बोअरची नळी. वीस गोळे केले तर व्यास १५.६ आणि अठ्ठावीस केले तर १४ मिलिमीटर. आकडा वाढला की नळी अरुंद होते. ‘चारशे दहा’ या हिशेबात बसत नाही. तिचं नाव थेट इंचातल्या व्यासावरून पडलं आहे. ती १०.४ मिलिमीटरची.

लहान बोअरचा छर्रा हळू लागतो, हा समज चुकीचा आहे. नळीतून बाहेर पडताना छर्र्यांचा वेग चारही बोअरमध्ये साधारण सारखा, सेकंदाला ३६५ मीटरच्या आसपास असतो. त्यामुळे तितक्याच जाडीचा छर्रा अठ्ठावीसमधून निघाला तरी बाराइतकाच जोरात लागतो. फरक पडतो तो संख्येत. अमेरिकी आठ नंबरचा शिशाचा छर्रा सुमारे २.३ मिलिमीटर जाड असतो. बारा बोअरच्या २८ ग्रॅमच्या काडतुसात असे सुमारे चारशे छर्रे मावतात, अठ्ठावीसच्या २१ ग्रॅममध्ये तीनशे आणि चारशे दहाच्या १४ ग्रॅममध्ये जेमतेम दोनशे.

आता हे छर्रे हवेत कसे पसरतात ते पाहू. चाळीस यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, ७६ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ धरायचं आणि त्यात किती छर्रे पडतात ते मोजायचं, अशी जुनी रीत आहे. नळीच्या तोंडाशी थोडासाच आवळ, म्हणजे हलका चोक असेल तर निम्मे छर्रे त्या वर्तुळात येतात. बारा बोअरला प्रत्येक २३ चौरस सेंटिमीटरला एक छर्रा पडतो, अठ्ठावीसला ३० ला एक आणि चारशे दहाला तब्बल ४५ ला एक. लाव्याचं वजन शंभर ग्रॅमही नसतं. एवढ्या विरळ जाळीतून तो सहीसलामत निसटेल किंवा एकच छर्रा लागून झुडपात जखमी पडून राहील. हलकी बंदूक निवडणाऱ्यावर खरी जबाबदारी इथे येते. अंतर वीस-पंचवीस मीटरच्या आत ठेवता येत नसेल, तर लहान बोअर पक्ष्यासाठी क्रूर ठरते. शिकारीच्या गप्पांत हा मुद्दा फार कमी येतो, म्हणून मी तो ठासून मांडतो आहे.

मग जाड छर्रे वापरावेत का? छर्रा जाड झाला की त्याचं वजन व्यासाच्या घनाने वाढतं, हवेचा रोध मात्र वर्गानेच वाढतो. त्यामुळे जाड छर्रा वेग जास्त टिकवतो. बारीक छर्र्याचा वेग चाळीस यार्डांवर जवळपास निम्मा झालेला असतो. पण जाड छर्रे तेवढ्याच वजनात कमी मावतात आणि जाळी आणखी विरळ होते. अरुंद नळीत दारूगोळा जास्त कोंबूनही काम भागत नाही. चारशे दहामध्ये छर्र्यांचा थर नळीच्या व्यासाच्या दुपटीहून उंच होतो, खालचे छर्रे दाबाने चेपतात आणि वेडेवाकडे उडतात.

हलक्या बोअरचा फायदा खांद्याला आणि पायांना होतो. बंदुकीचं वजन छर्र्यांच्या वजनाच्या ९६ पट असावं, असा जुना इंग्लिश ठोकताळा आहे. २८ ग्रॅमला पावणेतीन किलो, २१ ग्रॅमला दोन किलो. माळरानावर दिवसभर चालणाऱ्याला हे पाऊण किलो जाणवतं.

ग्वाल्हेरच्या या मुलखाशी बंदूक आणि पक्षिशास्त्र या दोन्हींचं जुनं नातं आहे. चंबळपलीकडच्या इटावाचे एकेकाळचे कलेक्टर ए. ओ. ह्यूम यांनी सहलेखक मार्शल यांच्याबरोबर भारतातल्या शिकारी पक्ष्यांवर १८७९ ते १८८१ या काळात तीन खंड काढले. पक्षी गोळा करणारे अभ्यासक लहान बोअर आणि धुळीसारखे बारीक छर्रे वापरत. पिसं फाटू नयेत, कातडं नमुना म्हणून टिकावं, एवढाच हेतू असे.

आज तित्तर, लावा किंवा पखुर्डी मारणं गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्याची वाटही बंद झाली. हे योग्यच झालं. ग्वाल्हेरजवळचं घाटीगाव आणि शिवपुरी जिल्ह्यातलं करैरा ही दोन अभयारण्यं १९८१ मध्ये माळढोकसाठी राखली गेली, तरी करैऱ्याचा माळढोक टिकला नाही. गवताळ माळ नांगराखाली गेला की बंदूक नसली तरी पक्षी जातो.

शिशाचा प्रश्नही उरतोच. पक्षी अन्न दळण्यासाठी खडे गिळतात, त्यांत सांडलेले छर्रेही जातात आणि विषबाधा होते. म्हणून अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत १९९१ पासून शिसं बंद आहे. युरोपीय संघाने २०२३ पासून पाणथळ जागी बंदी घातली. पोलादाची घनता शिशापेक्षा सुमारे तीस टक्के कमी असल्याने त्याचे छर्रे जाड घ्यावे लागतात, आणि लहान बोअरची अडचण तिथे आणखी वाढते.

छर्र्याच्या बंदुकीची हौस कायद्यात राहून भागवायची तर ट्रॅप आणि स्कीट हे नेमबाजीचे प्रकार आहेत. तिथे ११ सेंटिमीटर व्यासाची उडती तबकडी आणि जास्तीत जास्त २४ ग्रॅमचं काडतूस असतं.

घरात जुनी दुनळी असेल तर एक विनंती. बारा आणि वीस बोअरची काडतुसं कधीही एका डब्यात ठेवू नका. वीसचं काडतूस बाराच्या नळीत पुढे सरकून अडकतं, वरून दिसत नाही, आणि त्यामागे बाराचं भरून चाप ओढला तर नळी फुटते. म्हणूनच वीस बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात. डबा आजच उघडून पाहा.