संकटांतून सावरणारें गांव आणि त्याचें ग्रंथालय

गांवावर महापुराचें संकट कोसळलें म्हणजे पहिली धांव अन्न, वस्त्र व औषध यांकडे असते, आणि तें योग्यच आहे. ग्रंथालयाची आठवण मात्र शेवटीं होते. पुस्तकें ही चैनीची बाब, तिकडे सावकाश पाहूं, असा बहुतेकांचा समज असतो. तो किती अपुरा आहे, हें अमेरिकेंतील एका अनुभवावरून वाचकांपुढें मांडण्याचा आमचा हेतु आहे.

29 ऑगस्ट 2005 रोजीं कॅटरिना नामक चक्रीवादळ लुइझियानाच्या किनाऱ्यावर आदळलें. बांध फुटून न्यू ऑर्लिन्स शहराचा सुमारें 80 टक्के भाग जलमय झाला. पैशाच्या टंचाईमुळें तेथील सार्वजनिक ग्रंथालयाच्या दोनशेंहून अधिक सेवकांपैकीं अवघे 19 कामावर उरले. परंतु त्याच सुमारास त्या किनारपट्टींत जीं ग्रंथालयें उघडीं होतीं, त्यांच्याकडे आपद्‌ग्रस्तांची रीघ लागली. सरकारी मदतीचा अर्ज, विम्याची मागणी, ताटातूट झालेल्या आप्तांचा शोध, हीं कामें इंटरनेटवरून करावयाचीं. आणि ज्याचें घरच बुडालें त्याला संगणक कोठला? ग्रंथालयांत तो विनामूल्य मिळे व अर्ज भरण्यास साहाय्य करणारें जाणतें माणूसही भेटे.

पुढें जानेवारी 2011 मध्यें अमेरिकेच्या आपत्तिनिवारण खात्यानें ग्रंथालयांची गणना अत्यावश्यक सेवांत केली. इमारत निकामी झाल्यास तात्पुरत्या जागेसाठीं सरकारी साहाय्य मागण्याची वाट त्यामुळें मोकळी झाली.

आपल्याकडेही हा प्रश्न दूरचा नाहीं. 1864 सालीं स्थापन झालेलें चिपळूणचें लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 26 जुलै 2005 च्या पुरांत सांपडलें. तरीही जानेवारी 2013 मध्यें त्याच संस्थेनें 86 वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या गांवीं भरविलें. 22 जुलै 2021 रोजीं पुराचें पाणी पुनः तिच्या ग्रंथांपर्यंत पोंचलें. ज्या संस्थेनें साऱ्या महाराष्ट्राचें आतिथ्य केलें, तिच्यावर दुसऱ्यांदा ही पाळी यावी, याचा विचार प्रत्येक गांवानें केला पाहिजे.

भिजलेला कागद दोन-तीन दिवसांतच बुरशी धरूं लागतो. म्हणजे ‘सावकाश पाहूं’ म्हणण्यास ग्रंथालयाजवळ सवड नसते. घरांतील चिखल निघाल्यावर एकत्र कुटुंबांतील एखाददुसऱ्या तरुणानें तिकडे जावें. पुस्तकें उन्हांत न टाकतां, पानांत टीपकागद घालून वाऱ्यावर सुकवावीं. चालकांनीं दुर्मिळ ग्रंथ पावसाळ्यापूर्वींच वरच्या मजल्यावर न्यावे. आणि पूर ओसरतांच एक मेज, दोन खुर्च्या व अर्ज लिहून देणारा एक मनुष्य एवढी तरी व्यवस्था दारांत करावी. सुशिक्षित घरांतील निवृत्त मंडळींस हें काम सहज साधण्यासारखें आहे.

वर्गणीच्या पावतीनें आपण केवळ पुस्तकाचे नव्हे, तर त्या वास्तूचेही भागीदार होतों. संकटकाळीं ती आपणांस हवी असेल, तर तिच्या संकटांत आपण तिला हवे असलों पाहिजे.