स्की शर्यतीतील उशिरा प्रवेश

स्की शर्यतीतील उशिरा प्रवेश म्हणजे बालवयात बर्फावर न वाढलेल्या मुलाने किंवा मुलीने चौदा-पंधरा वर्षांच्या पुढे स्कीइंग शिकून स्पर्धेत उतरणे. आल्प्स पर्वताच्या कुशीतील गावांत मुले तिसऱ्या-चौथ्या वर्षीच स्कीवर उभी राहतात. त्यामुळे तेथे पंधराव्या वर्षीचा प्रारंभ फार उशिराचा समजला जातो. भारतात, विशेषतः हिमालयापासून दूरच्या प्रदेशांत, याहून लवकर प्रारंभ होणे जवळजवळ अशक्य असते.

शर्यतीचे प्रकार

अल्पाइन स्कीइंगमध्ये स्लॅलम, जायंट स्लॅलम, सुपर-जी आणि डाउनहिल असे चार मुख्य प्रकार आहेत. पहिल्या दोन प्रकारांत गेट जवळजवळ असतात आणि वळण्याच्या तंत्राला महत्त्व असते. उरलेल्या दोहोंत वेग अधिक व धोकाही अधिक. उशिरा शिकणाऱ्याने पहिल्या दोहोंतच राहावे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. डाउनहिलमध्ये ताशी शंभर किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने तोल सांभाळण्याची सवय शरीराला लहानपणापासूनच लागावी लागते. स्लॅलममध्ये खेळाडू गेटचे खांब हाताने व नडगीने आडवे पाडत जातो. म्हणून शिरस्त्राणाबरोबर नडगीचे संरक्षक कवचही लागते.

गुणपद्धती

आंतरराष्ट्रीय स्की व स्नोबोर्ड महासंघाच्या, म्हणजेच 'फिस'च्या, गुणांच्या शर्यतींत साधारणपणे सोळाव्या वर्षापासून भाग घेता येतो. त्यामुळे पंधराव्या वर्षी प्रारंभ करणाऱ्यासाठी नियमांचे दार बंद नसते. अडचण पुढे येते. या पद्धतीत गुण जितके कमी तितका खेळाडू श्रेष्ठ, आणि जगातील सर्वोत्तम खेळाडूंचे गुण शून्याजवळ असतात. खेळाडूच्या वेळेला विजेत्याच्या वेळेने भागून त्यातून एक वजा करतात व उरलेल्या संख्येला त्या प्रकारच्या ठरावीक अंकाने गुणतात. स्लॅलमसाठी हा अंक ७३० आहे. विजेत्याला १०० सेकंद आणि खेळाडूला ११० सेकंद लागले, तर ७३ गुण होतात. त्यांत शर्यतीतील प्रतिस्पर्ध्यांच्या दर्जानुसार ठरणारे दंडगुण मिळवले जातात. बीजिंग येथील २०२२च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी देशाच्या किमान कोट्यातून जाणाऱ्या खेळाडूला स्लॅलम किंवा जायंट स्लॅलममध्ये पाच सर्वोत्तम निकालांची सरासरी १६० गुणांच्या आत राखावी लागे.

नवख्या खेळाडूच्या नावावर गुण नसतात, म्हणून तो शर्यतीत सर्वांत शेवटी सुटतो. तोपर्यंत आधीच्या स्पर्धकांच्या स्कीच्या कडांनी प्रत्येक गेटभोवती खोल चर पाडलेले असतात. ज्याचे तंत्र सर्वांत कच्चे, त्याच्या वाट्याला सर्वांत वाईट उतार येतो. वेळ वाढतो, गुण वाढतात आणि पुढच्या शर्यतीतही क्रमांक शेवटचाच राहतो. उशिरा आलेल्याची खरी झुंज वयापेक्षा या चक्राशी असते. हे चक्र तोडण्याचा मार्ग म्हणजे बर्फावरील दिवस वाढवणे. युरोपातील मूल पंधराव्या वर्षापर्यंत शेकडो दिवस बर्फावर घालवून आलेले असते. दोन आठवड्यांच्या एका शिबिराने ती तूट भरून निघत नाही.

चंदगडसारख्या भागातून

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा चंदगड तालुका मुसळधार पावसाचा, भात, ऊस आणि काजूचा. तेथील मुलाला स्कीइंगसाठी गुलमर्ग (जम्मू-काश्मीर), मनालीजवळील सोलंग किंवा औली (उत्तराखंड) गाठावे लागते. या तिन्ही ठिकाणी प्राथमिक शिक्षणक्रम चालतात. औलीच्या उतारांवर २०११मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धा झाल्या, तर गुलमर्ग येथे २०२०पासून खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा भरतात.

मुख्य अडचण दिनदर्शिकेची आहे. बर्फाचा हंगाम डिसेंबर ते मार्च आणि महाराष्ट्रातील दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे सोळा ते अठरा या नेमक्या वयात दोन्ही एकमेकांवर येतात. याच काळात उसाची तोडणीही जोरात असते, ही गोष्ट शेतकरी कुटुंबाला वेगळी सांगावी लागत नाही. त्यातच बर्फाचा भरवसा कमी झाला आहे: २०२५मध्ये पुरेशा बर्फाअभावी गुलमर्गच्या खेलो इंडिया स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या.

दुसरी वाट सैन्याची. बेळगाव येथे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने चंदगड परिसरातील घरांना सैन्यभरती नवी नाही. गुलमर्ग येथील सैन्याच्या उच्च पर्वतीय युद्धशाळेत जवानांना स्कीइंग शिकवले जाते आणि भारताचे काही स्कीपटू सैन्यातूनच पुढे आले आहेत. सैन्यात गेल्यावर अनोळखी खेळ शिकून ऑलिंपिकपर्यंत पोहोचल्याचे उदाहरण महाराष्ट्रात आहेच: नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ सैन्यात दाखल झाल्यानंतर नौकानयनाकडे वळले आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावे आले. खेळ निराळा असला तरी वाट तीच.

धावण्याची तयारी असणाऱ्याला क्रॉस-कंट्री स्कीइंग अधिक सोयीचे ठरू शकते, कारण त्यात दमसासाला मोठे मोल असते. सह्याद्रीतीलच कोडगू (कर्नाटक) येथील भवानी थेक्कडा यांनी याच प्रकारात २०२५मध्ये चिलीतील आंतरराष्ट्रीय शर्यतीत कांस्यपदक मिळवले.

उल्लेखनीय खेळाडू

घानाचे क्वामे न्क्रुमा-आचेमपाँग यांनी प्रौढपणी इंग्लंडमधील एका बंदिस्त कृत्रिम उतारावर स्कीइंग शिकले आणि २०१०च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये स्लॅलम पूर्ण करणाऱ्या ४८ जणांत ४७वा क्रमांक मिळवला. बीजिंगच्या जायंट स्लॅलममध्ये १३ फेब्रुवारी २०२२ रोजी दाट हिमवृष्टीत निम्म्याच्या आसपास स्पर्धक शर्यत पूर्ण करू शकले नाहीत. पूर्ण करणाऱ्यांत गुलमर्ग परिसरात वाढलेले आणि चौथ्या वर्षी स्कीवर उभे राहिलेले भारताचे आरिफ खान ४५वे आले. त्यांच्या लगेच मागे, ४६वे म्हणजे शेवटचे, जमैकाचे बेंजामिन अलेक्झांडर होते; त्यांनी स्कीइंगला प्रारंभ केला तो बत्तिसाव्या वर्षी. यादीत दोघे शेजारी दिसतात, पण घड्याळ वेगळे सांगते. विजेते मार्को ओडरमॅट यांच्यापेक्षा खान यांना सुमारे ३८ सेकंद, तर अलेक्झांडर यांना एक मिनिटाहून अधिक वेळ जास्त लागला.