कोपऱ्यातलं मशीन
(आठवड्यातून तीनदा : लेखांक ६)

मागच्या आठवड्यात आपण डायलिसिसवरच्या माणसाच्या तहानेबद्दल बोललो. आज बोलायचं आहे ते हॉलच्या टोकाला, कोपऱ्यातल्या मशीनवर ज्यांना बसवलं जातं त्यांच्याबद्दल. त्यांच्या फाईलवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं : 'एचसीव्ही पॉझिटिव्ह', म्हणजे हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजाराच्या विषाणूची तपासणी पॉझिटिव्ह.

किडनी निकामी झाली की रक्त कमी होतं, अंगाला खाज सुटते, पायांत गोळे येतात, झोप मोडते. हिपॅटायटिस सी त्यात आपला थकवा आणि उदासी मिसळतो. कुठला थकवा कुणाचा, हे रुग्णाला सांगता येत नाही. शिवाय डायलिसिसच्या रुग्णांत यकृताची एएलटी ही तपासणी आजार असूनही नॉर्मल येऊ शकते. म्हणून दर सहा महिन्यांनी सी विषाणूची तपासणी लागतेच.

अशा रुग्णांचं जगणं मोजायला डॉक्टर ३६ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. खाज किती, घरच्यांवर आपलं ओझं पडतं असं वाटतं का, प्रवास जमतो का, असं सगळं त्यात विचारतात. तुमची खुर्ची कुठे ठेवली आहे, हे मात्र विचारत नाहीत. माझ्या मते, आठवड्यातले बारा तास माणूस जिथे काढतो, ती जागाही त्याच्या जगण्याचा भाग आहे.

आणि हे वेगळं बसवणं विज्ञानाला धरूनही नाही. वेगळी खोली, वेगळं मशीन हे हिपॅटायटिस बी साठी. सी साठी 'केडिगो' या किडनीतज्ज्ञांच्या जागतिक संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं तसं करायला सांगत नाहीत. केंद्रात सी पसरतो तो मुख्यतः न बदललेल्या हातमोज्यांमुळे, रक्त गोठू नये म्हणून देतात त्या हेपॅरिनच्या, अनेकांसाठी वापरलेल्या एकाच बाटलीमुळे, नीट न पुसलेल्या पृष्ठभागांमुळे. कोपऱ्यातल्या मशीनवर भरवसा ठेवून हातमोजे तेच राहिले, तर शेजारचा रुग्ण सुरक्षित कसा?

पूर्वी उपचार म्हणजे महिनोन्‌महिने इंटरफेरॉनची इंजेक्शनं. सोबतच्या रिबाविरिनने आधीच कमी असलेलं रक्त आणखी उतरायचं, त्यामुळे डायलिसिसचे अनेक रुग्ण त्या वाटेला जातच नसत. आता गोळ्या आहेत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अशा गोळ्यांच्या एका अभ्यासात किडनीचा गंभीर आजार असलेले १०४ रुग्ण होते, त्यातले बहुतेक डायलिसिसवर. १०२ जण विषाणूमुक्त झाले. यातल्याच सोफोसबुविर या औषधावर डायलिसिसच्या रुग्णांसाठी असलेली आडकाठी अमेरिकेत २०१९ मध्ये दूर झाली. आपल्याकडे २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. बहुतेकांना १२ आठवड्यांचा कोर्स पुरतो.

तरीही शिक्का पुसला जात नाही, कारण विषाणू गेला तरी अँटिबॉडी रक्तात राहते. त्यामुळे अँटिबॉडीची तपासणी पुढेही पॉझिटिव्ह येते आणि बरा झालेला माणूस पुन्हा कोपऱ्यात जातो. विषाणू आहे की नाही हे सांगते ती आरएनए तपासणी.

तुमच्या घरात असा रुग्ण असेल, तर त्याचं ताट, पेला वेगळा करू नका. एकत्र जेवल्याने हा विषाणू पसरत नाही. रेझर आणि टूथब्रश तेवढा वेगळा ठेवा. गोळ्या संपल्यानंतर १२ आठवड्यांनी आरएनए तपासणी मागून घ्या. रिपोर्टवर विषाणू नाही असं आलं, तर तो कागद फाईलच्या पहिल्या पानावर लावा आणि पुढच्या पाळीला केंद्रातल्या टेक्निशियनला दाखवा.