राजकन्यांच्या गोष्टी आणि आमच्या मुली

सावनेरसारख्या गांवीं एखादी आई आपल्या मुलीसाठीं राजकन्येची गोष्ट शोधूं लागली, तर आज तिच्या हातीं बहुधा परदेशी राजकन्याच लागते. ती शंभर वर्षें झोंपून राहते, नाहीं तर मनोऱ्यांत कोंडली जाते. राजपुत्राची वाट पाहणें एवढेंच तिचें काम. वयाच्या १८ व्या वर्षीं मुलीला विवाहास संमति देण्याचा वा नाकारण्याचा अधिकार कायदा देतो. पण नाकारण्याचें धैर्य कायदा देत नाहीं. तें लहानपणींच मनांत रुजावें लागतें.

परंतु सारा दोष परक्यांच्या माथीं मारून चालणार नाहीं. आमचा विदर्भ राजकन्यांविषयीं दरिद्री नाहीं. रुक्मिणी येथलीच. भावानें शिशुपालाशीं ठरविलेला विवाह तिनें नाकारला, श्रीकृष्णास स्वतः निरोप धाडिला, आणि देवीच्या दर्शनास आपण नगराबाहेर येऊं तेव्हां आपणांस न्यावें, हा बेतही तिनेंच कळविला, असें भागवत सांगतें. असें असतां कथेचें नांव काय, तर 'रुक्मिणीहरण'! जिनें बेत रचिला तिलाच आम्हीं पळवून नेलेली वस्तु करून टाकिलें. दमयंतीचीही तीच गत. चार देवांनीं नळाचें रूप घेतलें असतांही तिनें खरा नळ निवडला. पुढें हरवलेल्या पतीचा शोधही तिनेंच युक्तीनें लाविला. मुलींना मात्र आम्ही तिचे अरण्यांतील अश्रु तेवढे सांगतों.

हीं पुराणें झालीं, असें कोणी म्हणेल. तर मग ताम्रपटाची साक्ष घ्यावी. याच नागपूर जिल्ह्यांत, रामटेकजवळील नगरधन म्हणजेच प्राचीन नंदिवर्धन असें विद्वान् मानितात. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता ही तेथील वाकाटकांची राणी. पति निवर्तल्यावर तिनें अल्पवयी पुत्राच्या नांवें किमान १३ वर्षें राज्यकारभार चालविला. आणि पुण्यास सांपडलेल्या आपल्या ताम्रपटांत वंशावळ कोरविली ती माहेरची! नगरधनच्या अलीकडील उत्खननांत तिच्या नांवाची मृण्मुद्राही मिळाली आहे.

लोकशाहींत राजकन्या कशाला, असाही आक्षेप येईल. मुकुट हा गोष्टीचा केवळ अलंकार. तिचा प्राण निर्णयांत आहे. तो निर्णय कोणीं केला, एवढें सांगतांना गाळूं नये. सावनेरच्या शिक्षकांनीं एका सुटीस मुलींना नगरधनास न्यावें, आणि येथें एका राजकन्येनें राज्य केलें, हें त्यांस तेथेंच उभें राहून सांगावें.