मॅक्सच्या मागावर – 7 : फासळ्यांमधली हवा

दुसऱ्या ‘मॅड मॅक्स’मधल्या टँकरच्या पाठलागावर लिहितो, असं गेल्या रविवारी कबूल केलं होतं. ते आज नाही, पुढच्या रविवारी. मध्येच काचीगुड्याहून एक पत्र आलं आणि त्यानंतर चार दिवस मला दुसरं काही सुचलंच नाही.

पत्र लिहिणाऱ्या बाई सरकारी दवाखान्यांत तीस वर्षं सिस्टर होत्या. ही लेखमाला वाचून त्यांनी नातवाला ‘मॅड मॅक्स : फ्यूरी रोड’ लावायला सांगितला आणि त्याच्याशेजारी बसून शेवटपर्यंत पाहिला. त्या लिहितात, ‘ती मुलगी गाडीत आडवी पडलेली असते, तिला श्वास घेववत नाही, आणि तो तिच्या कुशीत पातं खुपसतो. नातू ओरडला, आजी, हा तर तिला मारतोय! मी म्हटलं, गप बस, वाचवतोय. मी बरोबर बोलले ना? आणि हे त्या सिनेमावाल्याला शिकवलं कुणी?’

सिस्टर, तुम्ही अगदी बरोबर बोललात. आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हीच या मालिकेची खरी किल्ली आहे. मी ती सातव्या भागापर्यंत खिशातच ठेवली, याची आता रुखरुख वाटते.

आधी तो प्रसंग. खलनायक इमॉर्टन जो संपलेला आहे. त्याच्याच गाडीतून सगळे गडाकडे परत निघालेत. त्या मुलीला, म्हणजे फ्युरिओसाला, कुशीत चाकू लागलाय, एक डोळा सुजून मिटलाय, आणि एकेका श्वासासाठी तिची तडफड चाललीय. गाडीतच निदान होतं, की हवा छातीत साठतेय आणि फुप्फुस मिटत चाललंय. फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये एरवी मोकळी हवा नसते. जखमेमुळे तिथे भोक पडलं आणि ते झडपेसारखं वागायला लागलं, की श्वास घेताना हवा आत शिरते आणि सोडताना बाहेर पडत नाही. माणूस जितका जोरात श्वास ओढतो तितका तो आतून आवळला जातो. त्या बाजूचं फुप्फुस चोळामोळा होतं, मग साठलेली हवा हृदयालाच दुसऱ्या बाजूला ढकलते, हृदयाकडे परत येणारं रक्त अडतं, आणि काही मिनिटांत सगळं संपतं. डॉक्टर याला टेन्शन न्यूमोथोरॅक्स म्हणतात. एक्सरे काढत बसायला इथे वेळ नसतो. दोन फासळ्यांच्या मधून जाड सुई आत घालायची आणि कोंडलेल्या हवेला वाट द्यायची.

सिस्टरनी त्या क्षणाचा आवाजसुद्धा लिहून पाठवलाय: सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह काढल्यासारखा. रात्रपाळीला एक ट्रक क्लीनर आला होता, पंचविशीचा. ओठ जांभळे, मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगलेल्या. डॉक्टरांनी सुई घातली, तो आवाज आला, आणि पोराच्या ओठांचा रंग त्यांच्या डोळ्यांदेखत बदलला. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिली चौकशी केली ती आपल्या चपलांची.

वाळवंटात जाड सुई कुठली असणार? मॅक्सजवळ पातं आहे. तो तेच वापरतो. फ्युरिओसा एक लांब श्वास घेते, आणि सिनेमागृहात आपलीही छाती तेव्हाच मोकळी होते.

हे कुणी शिकवलं? कुणीच नाही. दिग्दर्शक जॉर्ज मिलर स्वतः डॉक्टर आहे, अपघात विभागात काम केलेला. 1945 साली क्वीन्सलंडमधल्या चिंचिला नावाच्या लहानशा गावात जन्म. सरळसोट, रिकामे रस्ते आणि गाड्यांचं वेड लागलेली तरणी पोरं, असं ते गाव. मिलर विशीत पोचेपर्यंत त्याच्या ओळखीतली काही पोरं रस्त्यावरच गेली होती. पुढे जुळ्या भावाबरोबर सिडनीत वैद्यकीचं शिक्षण, मग तिथल्या सेंट व्हिन्सेंट्स हॉस्पिटलमध्ये उमेदवारी. स्ट्रेचरवरून येणारी माणसं त्याने रोज पाहिली. 1971 मध्ये मेलबर्नच्या एका चित्रपट कार्यशाळेत त्याला बायरन केनेडी भेटला. पहिल्या सिनेमासाठी पैसे उभे करताना मिलर तातडीच्या व्हिजिटला जायचा आणि गाडी केनेडी चालवायचा. म्हणजे ‘मॅड मॅक्स’चं काही भांडवल खरोखरच आजाऱ्यांच्या उशाशी बसून कमावलेलं आहे. 12 एप्रिल 1979 ला ऑस्ट्रेलियात तो सिनेमा लागला, तेव्हा त्यामागे स्टुडिओ नव्हता, बडा नट नव्हता. मेल गिब्सनला तेव्हा कोण ओळखत होतं!

हे एकदा कळलं, की मॅक्सचे चारही सिनेमे वेगळे दिसायला लागतात. मी ते व्हिडिओ कॅसेटच्या दिवसांपासून पाहतोय आणि बरीच वर्षं गाड्याच पाहत होतो. आता शरीरं पाहतो. मारधाडीच्या बहुतेक सिनेमांत नायकाला गोळी लागते आणि दोन दृश्यांनंतर तो भिंतीवर चढतो. मिलरच्या जगात जे मोडतं ते मोडलेलंच राहतं. पहिल्या सिनेमाच्या शेवटाकडे मोटारसायकल टोळीतला बब्बा झानेट्टी मॅक्सच्या गुडघ्यात गोळी घालतो. दुसरा सिनेमा 1981 चा. त्यात मॅक्सच्या डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा आधार बांधलेला आहे, आणि शांत जागी त्याचं पाऊल पडलं की बिजागरी कुरकुरते. मग 2015 चा ‘फ्यूरी रोड’. नट बदलला, मेल गिब्सनच्या जागी टॉम हार्डी आला, चौतीस वर्षं गेली. पायावरचा आधार तिथेच आहे. त्याबद्दल कुणी एक शब्द बोलत नाही. डॉक्टर आपला जुना पेशंट विसरलेला नाही, एवढंच.

पहिल्या सिनेमाला क्रूर म्हणून फार बोललं गेलं. माझी वाचकांना विनंती आहे, एकदा तो नीट बघा आणि प्रत्यक्ष काय दाखवलंय ते मोजा. मॅक्सची बायको जेसी लहान बाळाला घेऊन रस्त्यावरून धावतेय, मागून मोटारसायकली येतायत. त्या निघून जातात आणि आपल्याला दिसतो रस्त्यावर घरंगळणारा चेंडू आणि एक बूट. बस. मॅक्सचा सहकारी गूस भाजतो, तेव्हा दवाखान्यात चादरीखालून त्याचा काळा पडलेला हात निसटून खाली येतो. चेहरा आपण पाहत नाही, तो मॅक्स पाहतो. ज्याने खरे अपघात पाहिलेत त्याला रक्ताचे पाट दाखवायची गरज वाटत नाही. रस्त्यावर पडलेली चप्पल काय सांगते ते त्याला माहीत असतं. सिस्टर, तुमच्या क्लीनरच्या चपला वाचताना मला तो बूटच आठवला.

शरीराचं हे ज्ञान तो निष्ठुरपणेही वापरतो. पहिल्या सिनेमाच्या शेवटी मॅक्स त्याच टोळीतल्या जॉनीचा घोटा बेडीने मोडक्या गाडीला अडकवतो, पेट्रोल ठिबकत असतं, आणि हातात लोखंड कापायची करवत देऊन हिशोब सांगतो: साखळी कापायला दहा मिनिटं, घोटा कापायला पाच. हा हिशोब एका डॉक्टरच्या सिनेमातला आहे. म्हणून तर ‘फ्यूरी रोड’चा शेवट मला इतका हलवतो. त्या दोन प्रसंगांत छत्तीस वर्षांचं अंतर आहे, आणि जे ज्ञान तिथे छळाला लावलं तेच इथे जीव वाचवायला लावलंय.

दवाखाना मला परका नाही. मी हैदराबादेतल्या अफझलगंजचा. आमच्या गल्लीतून बाहेर पडलं की समोर उस्मानिया दवाखान्याचे घुमट, पलीकडे नदी, अलीकडे बसची गर्दी. दवाखान्याच्या भिंतीला लागून मोसंबी विकणारे, स्टीलचे डबे घेऊन बसलेले नातेवाईक, एक्सरेच्या मोठ्या पाकिटाने स्वतःला वारा घालणारी एखादी म्हातारी. लहानपणी रात्री अँब्युलन्सचा आवाज आला की आई अंथरुणातच हात जोडायची. कुणासाठी, ते तिला ठाऊक नसायचं.

या जागेचं आणि श्वासाचं नातं जुनं आहे. पाचव्या निजामाच्या, अफझलुद्दौलाच्या काळात, 1866 मध्ये इथे अफझलगंज दवाखाना उभा राहिला. पुढे एडवर्ड लॉरी नावाचा सर्जन हैदराबादेत आला. भुलीसाठी क्लोरोफॉर्म देताना माणसं दगावत होती, आणि ती हृदय थांबून दगावतात की श्वास थांबून, यावर तेव्हा जगभर वाद चालू होता. लॉरीने 1888 आणि 1889 मध्ये हैदराबादेत दोन क्लोरोफॉर्म कमिशनं भरवली. दुसऱ्यासाठी सहाव्या निजामाने पैसा दिला आणि लंडनच्या ‘लॅन्सेट’ने लॉडर ब्रंटनला इकडे धाडलं. शेकडो प्रयोग झाले, बहुतेक जनावरांवर, आणि निष्कर्ष निघाला: नाडी धरून बसू नका, श्वासावर नजर ठेवा. पुढे हे अर्धंच खरं ठरलं, क्लोरोफॉर्म हृदयालाही थेट बंद पाडू शकतो. पण श्वासावरची नजर हटवू नये, हा धडा टिकला. त्याच काळात इथे रूपाबाई फर्दुनजी क्लोरोफॉर्म देत होत्या. जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. आमच्या शाळेत यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नाही. मला ते चाळिशीत कळलं, आणि त्या दिवशी दवाखान्यावरून जाताना मी विनाकारण थांबलो होतो.

तो जुना दवाखाना आता नाही. 28 सप्टेंबर 1908 ला मुसीला पूर आला आणि त्यात तो गेला. आज दिसते ती व्हिन्सेंट एशची, नंतर बांधलेली इमारत, आणि 2020 च्या जुलैत पावसाचं पाणी वॉर्डांत शिरल्यावर तीही रिकामी करावी लागली. पुरातून वाचलं ते आवारातलं चिंचेचं झाड. त्यावर चढून सुमारे दीडशे माणसं वाचली असं सांगतात. झाड अजून आहे. दर 28 सप्टेंबरला काही माणसं त्याच्याखाली जमतात.

शहरात हजारो गेले. वाचलेल्यांत एक होते शायर अमजद हैदराबादी. त्यांची आई, बायको आणि मुलगी, तिघीही पुरात गेल्या. ते एकटे उरले आणि पुढे दीर्घकाळ जगले, रुबाया लिहीत राहिले. मॅक्सची गोष्ट काल्पनिक आहे, अमजदांची नाही. तरी ‘मॅड मॅक्स’ बघताना, बायकोमुलाला गमावलेला तो माणूस पुढचे तीन सिनेमे कुणाशी धड बोलत का नाही, हे मला ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटापेक्षा या चिंचेखाली जास्त कळतं. जगबुडी म्हटलं की लोकांना अणुबॉम्ब आठवतो. पहिल्या सिनेमामागे तर 1973 च्या तेलटंचाईतल्या पेट्रोलच्या रांगा होत्या. आणि आमच्याकडे एका रात्रीचा पाऊस पुरला.

आता सिस्टरच्या पत्रातली शेवटची ओळ. ‘हवा काढल्यावर त्याने तिला स्वतःचं रक्त दिलं, ते असं थेट नळीने चालतं का?’ चालतं, आणि बाटल्या येण्याआधी तसंच दिलं जायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रक्तदाता शेजारी झोपवून त्याच्या रक्तवाहिनीतून रुग्णाच्या रक्तवाहिनीत रक्त सोडत. 1914 च्या सुमाराला सायट्रेट घालून रक्त न गोठता ठेवता येऊ लागलं, तेव्हा कुठे दाता आणि रुग्ण वेगळ्या खोल्यांत गेले. राहिला गट. सिनेमाच्या सुरुवातीलाच जोची माणसं मॅक्सच्या पाठीवर गोंदतात: ओ निगेटिव्ह, कुणालाही चालणारं. मग त्याला तोंडाला जाळी लावून गाडीच्या पुढे बांधतात आणि जोच्या आजारी सैनिकाला, नक्सला, त्याचं रक्त जिवंत पिशवीतून यावं तसं चढवतात. शेवटी तीच नळी असते, तोच गट असतो. या वेळी ती नळी मॅक्स स्वतः आपल्या हाताला लावतो, रक्त खाली उतरावं म्हणून ती उंच धरली जाते, आणि सबंध सिनेमाभर फ्युरिओसाला न सांगितलेलं आपलं नाव तो तिला सांगतो.

नातवाला एवढं सांगा, सिस्टर. आणि तो विचारेल, की अशी सुई तू कधी घातलीस का? त्याचं उत्तर मलाही कळवा.

पुढच्या रविवारी टँकर. तो उलटवायच्या प्रसंगात, चालवणाऱ्या स्टंट ड्रायव्हरला आधीचे बारा तास काहीही खाऊ दिलं नव्हतं. जिवावर बेतलंच तर लगेच ऑपरेशन टेबलावर घेता यावं आणि भूल देताना पोट रिकामं असावं म्हणून. सुरुवात तिथूनच करू.